जुळवलेलं तेल

बाई,

मला हल्ली चांगल्या वासाची किळस येते. शेजारी कुणी अत्तर लावून बसलं की मी उठून उभी राहते. माझ्या ओढणीला एक गार, झोंबरा, स्वच्छ वास चिकटून बसलाय आणि तो काही केल्या धुऊन जात नाही. लोकांना तो आवडतो. परवा एसटीत एका बाईनं मागून खांद्याला हात लावून विचारलं, "कुठलं सेंट म्हणायचं वो ताई?" मी म्हटलं, "भेसळीचं." ती हसली आणि म्हणाली, "मग भेसळ लई भारी हाय." मला तिच्यावर चिडताही आलं नाही. वास चांगलाच आहे. चांगला वास यावा यासाठीच तर सगळा घाणेरडेपणा चाललाय.

तुम्ही शाळा सोडून गेलात तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे पुढचं तुम्हांला काहीच ठाऊक नाही. मी भोरला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. निकालाच्या दिवशी आईनं वस्तीतल्या विहारात मेणबत्ती लावली आणि येताना घरोघर सांगत आली, की आमची पोरगी औषधाचं शिकली. रसायन म्हणजे औषध, असं तिचं गणित. मग मला शिवऱ्याजवळ, हायवेपासून थोडं आत, तेल काढायच्या एका कारखान्यात नोकरी लागली. खायचं तेल नव्हे, वासाचं. पाला भट्टीत भरायचा आणि खालून वाफ सोडायची. वाफ पाल्यातलं तेल घेऊन वर येते, ती गार केली की पाण्यावर तेल तरंगतं. माझं काम त्यानंतरचं. तेलाचा थेंब यंत्रात सोडायचा आणि त्यात कुठले घटक किती आहेत याचा आलेख काढायचा. आलेख म्हणजे कागदावर शिखरांची एक रांग. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो आपल्या शाळेच्या मैदानातून दिसणाऱ्या डोंगरासारखा वाटला. प्रत्येक शिखर म्हणजे एक घटक, आणि सगळ्यांत खाली माझी सही. त्या सहीचा मला फार अभिमान होता, बाई. मी घरी कोऱ्या कागदावर ती करून बघायचे.

कारखान्याचे मालक पुण्याचे. सगळे त्यांना शेट म्हणतात. पानशेतच्या कडेला त्यांचा बंगला आहे. परदेशात कुठंतरी त्यांनी मर्टल नावाचं झुडूप बघितलं, बंगल्याला त्याचं कुंपण केलं आणि मग त्याचं तेल काढायचं मनावर घेतलं. आपल्याकडं त्याला विलायती मेंदी म्हणतात. आमच्या वस्तीतल्या बायका नुसतं 'वासाची मेंदी' म्हणतात. बारकी, चकचकीत पानं, चुरगळली की हाताला वास. हे झाड जांभळाच्या कुळातलं आहे असं मी वाचलं, आणि मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं.

स्वयंपाकघर कसलं, वेल्ह्याच्या पेठेमागची भाड्याची खोली आणि तिच्या कोपऱ्यात एक ओटा. रविवार आहे. आम्ही चार-पाच पोरं तुमच्याकडं आलोय, कारण शाळेत प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली हेडसरांच्या खिशात. तुम्ही कुकरची शिट्टी काढून तिथं रबरी नळी बसवलीय. नळी गार पाण्याच्या बादलीतून फिरवून पुढं बाटलीत सोडलीय. आधी शाळेच्या नळाजवळच्या जांभळीचा पाला उकळला, मग ओढ्याकाठच्या जांभळीचा. दोन्ही बाटल्या आमच्या नाकाखालून फिरतात. पहिल्या नंबरचा पोरगा म्हणतो, "दोन्ही सारखेच हायत, बाई." त्याच्यामागून सगळे म्हणतात, सारखेच. माझी पाळी येते आणि मी वास घ्यायच्या आधी त्याच्या तोंडाकडं बघते. तुम्ही कडाडता, "त्याच्याकडं काय बघतेस? त्याच्या तोंडावर वास लिहिलाय? नाक तुझं आहे ना, मग त्याला विचार!" सगळे हसतात. माझ्या डोळ्यांत पाणी येतं. मी नाक ओढून पुन्हा वास घेते आणि म्हणते, "ओढ्याकाठचा कडसर हाय. आन् दोन्हींत रबराचा हाय." तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की घरमालकीण दारातून डोकावली. "रबराचा वजा कर," तुम्ही म्हणालात, "आणि उरेल ते लिही."

झाड एकच तर वास वेगळा का, असं कुणीतरी विचारलं. तुम्ही म्हणालात, जमीन वेगळी, पाणी वेगळं, ऊन वेगळं, आणि मुळात बी वेगळं. मग आमच्याकडं हात करून म्हणालात, "तुम्ही सगळी एका फळीवर बसता म्हणून एकसारखी झालात का?" पुढं तुम्ही आजारी पडून माहेरी जायला निघालात तेव्हा मी खोली आवरायला आले होते. ती नळी तुम्ही गुंडाळून माझ्या हातात दिलीत. "माझ्या कुकरला आता शिट्टीच बरी," म्हणालात. तुम्ही परत आला नाहीत. नळी आमच्या घरात खुंटीला राहिली. आई मधूनमधून विचारायची, ही टाकू का, आणि मी नाही म्हणायचे.

तर शेटनी वेल्ह्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांना वासाच्या मेंदीची रोपं वाटली. आमच्या वस्तीनं घेतली, वरच्या धनगरवाड्यानं घेतली. शेळ्या ह्याला तोंड लावत नाहीत, असं कारखान्याच्या सुपरवायझरनं छातीठोक सांगितलं होतं. शेळ्यांनी पहिल्याच पावसाळ्यात त्याला खोटं पाडलं. तरी बायकांनी काट्याकुट्यांची कुंपणं घालून झाडं वाढवली. तोडणीला त्या इर्जिक घालतात. आज सगळ्यांनी मिळून एकीच्या तुकड्यात तोडायचं, उद्या दुसरीच्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही. जिचं शेत तिनं सगळ्यांना जेवू घालायचं. आता झालं असं, की आमच्या आईच्या तुकड्यातल्या मेंदीला निराळाच वास. बाकीच्यांची नाकात चढणारी, निलगिरीसारखी. आईची गोड, पिकल्या फळासारखी. आईचीच जात चांगली आणि बाकीच्यांची नापास होणार, असं बायकांनी ठरवून टाकलं. मग धनगरवाड्यावरच्या एका मावशीनं तोड काढली, की आईचा पाला सगळ्यांच्या भाऱ्यात थोडाथोडा घालायचा. "लग्नात जिलबी पडती ती समद्यांच्याच ताटात पडाय पायजे," ती म्हणाली. आईला केवढा आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा वाटण्यासारखं काहीतरी तिच्याकडं जास्त होतं. तिनं मूठ-मूठ करून सगळ्यांच्या भाऱ्यात घातलं, आणि उरलेला स्वतःचा भारा कारखान्याच्या टेम्पोत चढवला.

मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी प्रत्येक भाऱ्याचं तेल यंत्रात सोडलं आणि यंत्रानं जे होतं ते दाखवलं. शेटच्या केबिनमध्ये परदेशी तेलाचा आलेख फ्रेम करून लावलाय. त्यात पायनीन आणि सिनिओल ही दोन शिखरं उंच. एकाचा वास टर्पेंटाइनच्या वळणाचा, दुसऱ्याचा निलगिरीचा. आमच्या बायकांच्या तेलात तिसरंच शिखर वर आलं होतं. मिर्टेनिल ॲसिटेट. गोड वास यायचा तो त्याचा. आईच्या भाऱ्यात ते सगळ्यांत उंच. परदेशातही काही भागांत मर्टलच्या तेलात हे भरपूर असतं आणि काही भागांत जवळजवळ नसतंच, ऋतूनंही फरक पडतो, पाल्याचं आणि फळांचंही वेगळं येतं. हे सगळं छापलेलं आहे. त्या घटकाचं नावच मुळी मर्टलवरून पडलंय. मी रिपोर्टात आकडे लिहिले, खाली लिहिलं की हा झाडांतला नैसर्गिक फरक दिसतो, आणि सही केली.

सुपरवायझर तो कागद घेऊन वस्तीवर गेला. विहाराच्या ओट्यावर बायकांना बसवलं आणि म्हणाला, मेंदीत दुसरा कसलातरी पाला घातलाय, यंत्रात पकडलंय, घालणारीचं नाव सांगा म्हणजे बाकीच्यांचं चालू राहील. धनगरवाड्यावरची मावशी म्हणाली, "साह्येब, इर्जिकीतला पाला कुणा एकीचा नसतुया. नाव पायजे तर समद्यांचं ल्ह्या. आमचं न्हाई ल्हिलं तर आमाला राग ईल." बायका हसल्या. तेव्हा त्यानं आईकडं बोट केलं. "हिच्या भाऱ्यात सगळ्यात जास्त निघालंय. आणि मी न्हाई म्हणत, हिच्याच पोरीनं काढलंय." मग कुणी हसलं नाही.

त्या दिवशी मी घरी पोचले तर आई चुलीपुढं बसलेली. भाकरी थापत होती, पण तव्यावर टाकत नव्हती. म्हणाली, "तू ल्हिलंस व्हय?"

"काय?"

"म्या भेसळ केली म्हणून."

मी म्हटलं, आई, मी आकडे लिहिले, भेसळ हा शब्द माझा नाही. ती म्हणाली, "मला कुठं वाचाय येतंय. सही तुजी हाय एवढं म्या बघितलं. तुजी सही वळखती मी." तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. तिच्या हातून कसलातरी दोष घडला असेल, आपण अडाणी, आपल्याला दिसला नसेल आणि शिकलेल्या लेकीच्या यंत्राला दिसला असेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. बाई, त्या रात्री मी माझ्या शिक्षणाकडं बघून पहिल्यांदा तोंड वाकडं केलं. मग मी तिच्याकडून जिलबीची सगळी हकिगत काढून घेतली, आणि खुंटीवरची नळी खाली घेतली.

रविवारी अंगणात चूल पेटवली. आमचा कुकर, तुमची नळी, बादली, धुतलेल्या बाटल्या. बायकांना सांगितलं, प्रत्येकीनं फक्त आपल्या तुकड्यातला पाला आणायचा, तोही निरनिराळ्या झाडांचा निरनिराळा. सुपरवायझरला फोन करून बोलावलं. तो येऊन मोटारसायकलवर बसूनच राहिला. "मॅडम, भजी तळायला घेतली काय?" म्हणाला. मावशी म्हणाली, "तुमी बसा, तुमाला पयली." एकेक पाला उकळत गेला, एकेक बाटली भरत गेली. तेल कसलं, पाण्यावर नुसती चकाकी. पण वास पुरेसा होता. बाटल्या हातोहात फिरल्या. एकीचा झोंबरा, एकीचा फुलासारखा, एकीच्याच दोन झाडांचे दोन तऱ्हांचे. मी बाटल्यांची जागा बदलून आईपुढं धरल्या. तिनं डोळे मिटून हुंगलं आणि एक बाटली हातात घट्ट धरली. "ह्यो माजा." मग जरा थांबून म्हणाली, "पर ह्याला सायकलच्या टूबचा वास येतुया." मी हसले आणि रडले. सगळ्यांना वाटलं धूर गेला डोळ्यांत.

सुपरवायझर शेवटी खाली उतरला. त्यानंही हुंगलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून परत हुंगलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, रोपं बियांची आहेत. फांद्या लावून केलेली असती तर समदी एकसारखी निघाली असती. बियांची सस्तात पडली. मी कशाला बोलू?" म्हणजे फरक होता तो त्यांनीच वाटलेल्या रोपांत होता, आणि तो त्याला पहिल्यापासून माहीत होता.

सोमवारी मी बाटल्या पिशवीत घेऊन शेटच्या केबिनमध्ये गेले. मला खरंच वाटत होतं, बाई, की त्यांना कळलेलं नाही आणि मी समजावलं की कळेल. मी त्यांना सगळं सांगितलं, बिया, फांद्या, इर्जिक, जिलबी. त्यांनी मला अडवलं नाही. एक बाटली उघडून वासही घेतला. "सुंदर आहे," म्हणाले. "हे बघ, मला काय हे माहीत नाही का? झाडं आहेत, फरक पडणारच. पण गिऱ्हाईकाला फरक नको असतो. त्याला दर वेळी तोच वास हवा."

मी म्हटलं, "मग भेसळ का म्हणायचं, सर?"

"म्हणायचं असतं. भेसळ म्हटली की दर पडतो." आणि मग, अगदी मायेनं, "तुझ्या वस्तीतल्या बायकांना शुद्ध म्हणजे काय ते कळायला अजून वेळ लागेल गं. तू शिकलीस, तुला कळतं."

बाई, शुद्ध हा शब्द आमच्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे, आणि त्याचा अर्थ आम्हांला कुणी शिकवावा लागलेला नाही. मी विचारलं की मग नापास झालेलं तेल कुठं आहे, परत देऊन टाका. ते उठले आणि मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. त्या शेडला कारखान्यात 'जुळवणी' म्हणतात. मी आजवर आत गेले नव्हते. निरनिराळ्या दिवसांचं मेंदीचं तेल तिथं एकत्र करतात, एवढंच मला सांगितलेलं. आत एक मोठी टाकी आणि तिच्या कडेनं पिंपं. एकातून टर्पेंटाइनचा भपकारा येत होता, दुसऱ्यातून स्वस्त निलगिरीचा. एक माणूस तोंडाला फडकं बांधून मापानं ओतत होता, आणि त्याच्या पायाशी आमच्या बायकांच्या तेलाचे कॅन. आईच्या कॅनवर माझ्याच अक्षरात नंबर. तो कॅन माझ्यादेखत टाकीत रिकामा झाला. थोडं पायनीन वाढवायचं, थोडं सिनिओल वाढवायचं, गोड वास बुडवून टाकायचा, म्हणजे आलेख भिंतीवरच्या फ्रेमसारखा येतो. शेट म्हणाले, "तू ज्या आलेखांवर इतके दिवस सह्या करतेस ते सगळे इतके सारखे कसे येतात, कधी मनात आलं नाही?" आणि हसले. टाकीवर लेबलं चिकटवायची पडली होती, हिरवी, डोंगराच्या चित्राची, 'शंभर टक्के शुद्ध'.

मी शेडबाहेर येऊन भिंतीला धरून ओकले. शेटनी पाणी मागवलं. म्हणाले, "होतं सुरुवातीला. उग्र असतं." पाणी पिऊन मी आत गेले, बायकांच्या तेलाचे रिपोर्ट पुन्हा काढले, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ह्यात मेंदीशिवाय काही नाही,' आणि सही केली. जुळवलेल्या टाकीच्या रिपोर्टावर सही करायला नकार दिला. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली होती. तीही बी.एस्सी. तिनं मला विचारलं, "मॅडम, काम अवघड आहे का?" मी म्हटलं, नाही, सोपं आहे. फाटकावर सुपरवायझर भेटला. सांगून गेला, की तुमच्या वस्तीवर आता टेम्पो यायचा नाही.

हे मी नसरापूरच्या स्टँडवर बसून लिहितेय. इथं मी वेल्ह्याच्या एसटीतून उतरायचे आणि शिवऱ्याकडं जाणारी रिक्षा धरायचे. आता उतरते आणि बाकावर बसते. रिक्षावाले आधी हाक मारायचे, "शिवरे, ताई?" हल्ली मारत नाहीत. आई रोज सकाळी डबा भरून देते. तिला मी सांगितलंय, की शेटनी बाटल्या हुंगल्या, त्यांना पटलं, भेसळीचं बोलणं मिटलं. तेव्हापासून ती विहाराच्या ओट्यावर ताठ बसते. बायकांना सांगते, माज्या लेकीनं नाकानं यंत्राला हरवलं. पुढच्या तोडणीचे दिवस जवळ आलेत. बायका इर्जिकीचा क्रम ठरवतायत, पहिला मान आईच्या तुकड्याला दिलाय. टेम्पो येणार नाही हे त्यांना भारे बांधून झाल्यावर कळेल, नाहीतर मला त्याआधी सांगावं लागेल. खरं सांगितलं तर आई हेच धरून बसेल, की तिच्या गोड मेंदीपायी लेकीची नोकरी गेली. इतर ठिकाणी अर्ज केलेत. कुठंतरी होईल. पण तोंड उघडायला मला अजून जमलेलं नाही.

आणि सुरुवातीला मी म्हटलं ना, की वास धुऊन जात नाही. तसं नाही, बाई. दोन-तीन धुण्यांत तो गेला होता. आईचं नाक तुम्ही बघायला हवं होतं; ओढणी दोरीवरून काढताना तिनं हुंगली आणि म्हणाली, "आज कारखान्याचा वास कसा न्हाई गं?" टाकीतल्या तेलाची नमुन्याची एक बाटली माझ्या पर्समध्ये राहून गेली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी, घरी जायची एसटी लागली की, मी त्यातला एक थेंब ओढणीला लावते.